सुई लाल खुणेवर येण्याआधी

त्याच्या बापाचा धंदा भांड्यांना कल्हई करण्याचा. भाता, निखारे, नवसागराचा धूर आणि तापलेल्या पातेल्यात बोळ्याने फिरवलेलं कथील. पोरगा हाताशी येईपर्यंत घरोघरी स्टील आलं आणि बापाचा भाता थंड पडला. पोरगा कारखान्यात लागला, तर तिथेही नशिबात चकाकीच. फरक एवढाच, की तांब्याच्या जागी प्लास्टिक आलं आणि कथलाच्या जागी अॅल्युमिनियम. गल्लीनेही मग नवं नाव शोधायची तसदी घेतली नाही. बाप कल्हईवाला, म्हणून लेकही कल्हईवाला.

हे काम तुम्ही पाहिलं नसेल, पण वापरलं नक्की असेल. अत्तराच्या बाटलीचं रुपेरी झाकण घ्या. वेफर्सच्या पाकिटाची आतली चमचम घ्या. मोटारसायकलच्या दिव्यातली ती आरशासारखी वाटी, खेळण्यातल्या राणीचा मुकुट, कोटाची बटणं, सगळी एकाच माळेतली. तुमच्या पोराने शर्यतीत चांदीचा कप आणला असेल आणि तुम्ही तो कपाटात काचेमागे ठेवला असेल, तर ठेवा बापडे. वरून चांदी दिसते, असतं ते अॅल्युमिनियम, आणि त्याच्याही आत प्लास्टिक. तो थर इतका पातळ असतो की नखाने खरवडला तर नखाखाली काही सापडतसुद्धा नाही.

तो चढवायचा कसा, तर कारखान्यात माणूस आत उभा राहील एवढं लोखंडी पिंप होतं. कामगार त्याला नुसतं 'डबा' म्हणत. आधी प्लास्टिकच्या वाट्या पुसायच्या, त्यांना रोगण लावून वाळवायच्या, मग सांगाड्याच्या आकड्यांवर एकेक टांगायच्या आणि सांगाडा डब्यात ढकलायचा. जाड दार बंद करायचं. पंप आतली हवा ओढू लागतो, आणि दाराशेजारच्या तबकडीवरची सुई हळूहळू खाली सरकते. ती लाल खुणेवर आली, की आत हवा उरली नाही म्हणून समजायचं. मग बटण दाबायचं. आतल्या तारेची वेटोळी पांढरीफेक तापतात, त्यांच्यावर अडकवलेले अॅल्युमिनियमचे तुकडे वितळतात, त्यांची वाफ होते आणि ती वाफ जे समोर दिसेल त्यावर जाऊन बसते. दार उघडावं तर मघाचं भुरकट प्लास्टिक आरसा होऊन लटकत असतं. इतकी वर्षं झाली तरी दार उघडताना कल्हईवाल्याला अजून मजा वाटायची. डब्याच्या बाबतीत तो जरा नाकाने कांदेच सोलायचा. "सुई आपलं ऐकते," असं तो नव्या माणसांना सांगायचा.

आता त्याच्या ताईचं सांगायला हवं, कारण गोष्ट खरं तर तिच्याच हातांची आहे. ताई त्याच्याहून बरीच मोठी. नवरा गेल्यावर शेजारच्याच गल्लीत एका खोलीत एकटी राहायची. तिच्या हातांची ख्याती अशी, की आजूबाजूला कुणाच्या घरी तान्हं बाळ आलं, की पहिल्या आंघोळीला ताईला बोलावणं. इतर कुणाच्या हातात घसा फाडून रडणारं बाळ तिच्या तळव्यावर पालथं पडलं, की डोळे मिटून गप्प व्हायचं. कारखान्यात टांगणीला बाया हव्यात असं कळलं, तेव्हा कल्हईवाल्यानेच तिचं नाव सुचवलं. "हलका हात आहे," तो म्हणाला. "तिच्या हातून आजवर बशी फुटलेली नाही." आणि खोटं नव्हतं ते. टांगणीच्या खोलीत नियम एकच, पण कडक होता: रोगण लावलेल्या वाटीला उघडा हात लावायचा नाही. बोटाचा तेलकटपणा राहिला, तर वरचा थर तिथे धरत नाही. सुती हातमोजे घालून बसायचं. बाकीच्या बाया कुरकुरायच्या, ताई मात्र पाहुण्यांकडे जेवायला बसल्यासारखी ताठ बसून काम करायची.

कल्हईवाल्याला उशिरा मुलगी झाली होती. तिला सगळे छकुली म्हणायचे. कामावरून सुटल्यावर ताई रोज सरळ त्याच्या घरी यायची, छकुलीला आंघोळ घालायची, तिला दुपट्यात गुंडाळून वहिनीच्या ओटीत द्यायची आणि मग आपल्या खोलीवर जायची. त्या घरातली ती वेळच ताईची होती.

तर एका संध्याकाळी काय झालं, की शेवटचा सांगाडा डब्यात गेला आणि सुई खुणेच्या जरा वरच अडून बसली. दाराचं रबर जुनं झालं होतं, कुठून तरी केसाएवढी हवा आत शिरत होती. अशा वेळी काय करायचं हे कल्हईवाल्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. दार उघडायचं, रबर पुसायचं, ग्रीस लावायचं आणि पहिल्यापासून हवा ओढायची. म्हणजे घरी जायला उशीर. बरं, घरी काही अडलं होतं म्हणावं, तर तेही नाही. गच्चीवर दोस्तमंडळींनी पत्त्यांचा डाव मांडला होता आणि याच्यासाठी एक जागा मोकळी ठेवली होती. एवढंच. पोर आजारी असती, बायको अडली असती, तर आपणही म्हटलं असतं, की जाऊ दे, माणूस आहे. पण पत्ते.

सुई खुणेच्या जराशी वर होती. "जराशानं काय होतंय," असं म्हणून त्याने बटण दाबलं.

दार उघडलं तेव्हा वाट्या चमकत होत्या, पण त्या चमकेत किंचित दुधाळपणा होता. दुसऱ्या कुणाला दिसला नसता. त्याला दिसला. डब्यातून निघालेल्या प्रत्येक खेपेतली पहिली वाटी घेऊन तिच्यावर चिकटपट्टी लावायची आणि खसकन ओढायची अशी रीत होती. थर पक्का असेल तर पट्टी कोरी निघते. त्या दिवशी त्याने पट्टीला हातच लावला नाही. लावली असती तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर थांबावं लागलं असतं. त्याने माल पुढे ढकलला आणि गच्ची गाठली. डाव त्यानेच जिंकला.

पुढे बऱ्याच दिवसांनी दिव्यांच्या कारखान्याकडून खोकी परत आली. वाट्यांवरची चांदी सुटत होती. सुपरवायझरने सगळ्यांना डब्यासमोर गोळा केलं, एका वाटीवर चिकटपट्टी दाबली आणि ओढली. अख्खी चांदी पट्टीबरोबर निघाली आणि हातात उरली भुरकट प्लास्टिकची वाटी.

"तेलकट हात," सुपरवायझर म्हणाला. "हातमोजे घाला म्हटलं की तुम्हाला खाज सुटते. आता मालकांना मी काय तोंड दाखवू?"

 कल्हईवाल्याने एका नजरेत ओळखलं होतं. बोटाचा डाग असता, तर थर बोटाएवढाच उडाला असता. इथे अख्खी वाटी उकडलेल्या बटाट्यासारखी सोलून निघत होती. हे हवेचं काम होतं. हे त्याचं काम होतं. सुपरवायझरनेही जरा निरखून पाहिलं असतं, तर त्यालाही उमगलं असतं, पण त्याला उत्तर हवं होतं आणि तेही लवकर. तरी त्याने विचारलं, "डब्यात तर काही घोळ नव्हता ना रे?"

कल्हईवाला तोंड उघडणारच होता. निदान पुढे कित्येक दिवस तो स्वतःला तसं सांगत राहिला. पण त्याच्या आधी ताई पुढे आली.

"साहेब, माझेच हात असतील," ती म्हणाली. "एकदा मी हातमोजा काढला होता. त्याचा धागा आकड्यात अडकला, तो सोडवायला. मला घामही फार येतो." आणि तिने दोन्ही हात पुढे केले, शाळेत छडी खायला करावेत तसे.

सगळ्यांनी त्या हातांकडे पाहिलं. मग काय विचारता. ज्या बाया दर तासाला हातमोजे काढून बसायच्या, त्यांनाच जास्त कंठ फुटला. एक म्हणाली, मला वाटतच होतं. दुसरी म्हणाली, फार शहाणपणा मिरवायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी आपण होऊन पुढे आला होता आणि चोर खाली मान घालून शेजारीच उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं त्याला. सुई उतरली नव्हती, साहेब. पण डोळ्यांपुढे छकुली आली, नोकरी आली, आणि खरं सांगायचं तर त्याहून आधी आला तो 'सुई आपलं ऐकते' म्हणून मिरवणारा तो स्वतः. तोंड उघडलं नाही.

ताईला टांगणीवरून काढून धुलाईला टाकलं. डब्यात जाणाऱ्या सांगाड्यांवरही दर वेळी चांदी चढते आणि थरावर थर साचत जातात. ती काढायला मागच्या बाजूला कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा हौद होता. त्यात सांगाडा बुडवला, की फसफसून फेस येतो आणि चांदी विरघळून जाते. परत आलेल्या वाट्याही तिथेच आल्या, नव्याने करण्यासाठी. म्हणजे भावाने घाईघाईने चढवलेलं बहीण दिवसभर उभी राहून उतरवत होती. रबराचे हातमोजे होते, पण त्यांना बारीक भोकं होती. आत पाणी गेलं की आग व्हायची आणि काढले की त्याहून जास्त. ताईने तक्रार केली नाही. तिला वाटत होतं, आपल्या हातांनी नासलं, आपल्या हातांनी धुवावं.

आणि संध्याकाळची आंघोळ बंद झाली. ताई यायची, पण दारातच बसायची.

"ताई, घ्या ना हिला, सकाळपासून तुमच्याच वाटेकडे डोळे लावून बसलीय," कल्हईवाल्याची बायको म्हणायची. छकुली दोन्ही हात पसरून आत्याकडे झेपावायची, आणि ताई आपले हात पाठीमागे न्यायची.

"नको गं. माझ्या हातांना दोष आहे. धरतात ते टिकत नाही."

"काहीतरीच काय बोलता?"

"अगं, तान्ह्या पोराचं अंग ते. उगाच कशाला."

बायकोला ते नुसतं वेड वाटायचं. कल्हईवाला मात्र तोंड लपवायला मोरीत जायचा आणि हात धूत उभा राहायचा. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. बायकोच्या हाती छकुली आंघोळीला रडून आकांत करायची. ते रडणं भिंतीपलीकडे ऐकत ताई दारात बसून राहायची, आणि तो ताईकडे न बघता भिंतीकडे बघत बसायचा.

त्याने मग उपाय सुरू केले. ताईला मलमाची डबी आणून दिली. नवे रबरी हातमोजे स्वतः शोधून आणले. तिच्या खोलीचं गळकं कौल बदललं. अपराधी माणसासारखा उदार माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही. ताईचे डोळे दर वेळी भरून यायचे. एकदा जेवताना तिने त्याच्यासमोरच त्याच्या बायकोला सांगितलं, "बाकीच्यांनी त्या दिवशी केवढं तोंडसुख घेतलं माझ्यावर. माझा भाऊ मात्र एका शब्दानं बोलला नाही. मान खाली घालून उभा होता बिचारा. माझ्यापायी त्याची मान खाली गेली, तरी माझी लाज राखली त्यानं."

  इतक्या दिवसांत त्याला कुणी शिवी दिली असती, तर ती त्याने पोटात घातली असती. हे कौतुक मात्र त्याला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताच तो सुपरवायझरपुढे उभा राहिला. "साहेब, तो माल माझ्यामुळे नासला. सुई खुणेवर आली नव्हती. मी घाई केली. पट्टीही लावली नाही."

सुपरवायझरने चहाचा कप खाली ठेवला.  मग म्हणाला, "आता ते उकरून काय करायचं? माल गेला दुरुस्त होऊन. मालक विसरले. तुला घालवला तर डबा कोण चालवणार?"

"ताई धुलाईला आहे, साहेब."

"मग घे तिला परत टांगणीवर. तशाही बाया कमीच आहेत." आणि उठून त्याने कल्हईवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "रबर बदलून टाक तेवढं."

नोकरी जाणार अशी तयारी करून तो गेला होता, आणि मिळाली ती पाठीवर थाप. एवढ्या एका वाक्याला तो इतके दिवस घाबरला होता. त्या वाक्याने काही कोसळलं नसतं, हे कळल्यावर त्याची लाज आणखीच वाढली.

सुटी झाल्यावर तो ताईच्या खोलीवर गेला. ती खिडकीपाशी बसून हातांना त्यानेच दिलेलं मलम लावत होती. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. सुई, रबर, बटण, चिकटपट्टी, सगळं सांगितलं. पत्त्यांचंही सांगितलं. 

ताई मलम चोळायची थांबली.

"मग मी हातमोजा काढला होता, त्याचं काय?"

"त्याचं काही नाही. एका वाटीवर एवढासा डाग पडला असता. पडला असता तर."

"एका वाटीवर."

"हो."

"आणि मी सगळ्यांसमोर हात पुढे केले, तेव्हा तुला हे माहीत होतं."

"हो."

 ती रडली असती, चार शब्द सुनावले असते, तर तो पायाशी बसायला तयार होता. पण तिने मलमाच्या डबीचं झाकण शोधलं आणि नीट फिरवून बसवलं.

"मला वाटलं, तू माझ्यासाठी गप्प राहिलास," ती म्हणाली. "गल्लीभर सांगत फिरले मी."

त्याला वाटलं, ती आता जा म्हणेल. ती म्हणाली नाही. तिने खुंटीवरचा टॉवेल घेतला, खोलीला कडी लावली आणि त्याच्या पुढे चालू लागली. वाटेत शेजारीण भेटली. "काय ताई, भावाबरोबर कुठे?" असं तिने विचारलं. रोज भावाचं गुणगान गाणारी ताई नुसतं "पोरीला आंघोळ घालायला" म्हणाली आणि पुढे निघाली. मागून चालणाऱ्या कल्हईवाल्याला ते बरोबर कळलं.

घरी आल्यावर तिने मोरीत पाट मांडला, पाय लांब करून बसली आणि म्हणाली, "आण तिला." बायको हरखून छकुलीला घेऊन आली. ताईने तिला पायांवर घेतलं. छकुली खिदळली. ताईने तळवा तिच्या पाठीवरून फिरवला, आणि छकुलीने अंग आखडून एकदम भोकाड पसरलं. तिच्या मऊ पाठीवर तांबडे ओरखडे उठले होते. कॉस्टिकने ताईचे तळवे सोलून, भेगाळून काथ्यासारखे खरखरीत झाले होते.

ताईने तळवा उलटून एकदा बघितला. कल्हईवाल्यानेही बघितला. इतके दिवस तो त्या हातांसाठी मलम आणत होता, पण ते हात त्याने पाहिले होते ते आज. टांगणीवर परत घेतलं म्हणून हे तळवे कुठे परत येणार होते?

"मी आणखी मलम आणतो," तो पुटपुटला.

"पाणी घाल," ताई म्हणाली. "बेताचं घाल. ऊन आहे का ते आधी बघ."

त्याने तांब्या उचलला, पाण्यात बोट बुडवून बघितलं आणि ओतू लागला. ताईने मुठी मिटल्या, हात पालथे केले आणि हाताच्या पाठच्या बाजूने, जिथे कातडी अजून मऊ होती तिथून, छकुलीला हळूहळू चोळायला सुरुवात केली. वेळ फार लागत होता. कल्हईवाला तांब्यामागून तांब्या ओतत होता. थोड्या वेळाने छकुलीचं रडणं थांबलं आणि ती डोळे मिटून पालथी पडून राहिली. ताईने सबंध आंघोळ होईपर्यंत मान वर केली नाही, आणि दुपटं मागायला हात पुढे केला तोही त्याच्याकडे नाही, दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे.